पाण्याची जागा

नव्या घराच्या स्वयंपाकघरासाठी ‘फार्महाउस सिंक’ या नावाने ओळखले जाणारे, पांढऱ्या झिलईचे, जाड काठांचे आणि दर्शनी बाजू उघडी असलेले सिंक आता भारतीय बाजारातही दिसू लागले असून, त्याच्या जोडीला फुलीच्या आकाराच्या दोन मुठींचा, उंच मानेचा पितळी नळ बसवला की स्वयंपाकघराला ग्रामीण धाटणी येते, असा समज रूढ होत चालला आहे. नेहमीचे पोलादी सिंक ओट्याच्या दगडात चौकोन कापून बसवले जाते आणि त्याच्यापुढे दगडाची सात-आठ सेंटिमीटरची पट्टी उरते. फार्महाउस सिंकपुढे अशी पट्टी नसते, त्याची पुढची भिंतच ओट्याच्या दर्शनी रेषेपर्यंत किंवा किंचित पुढे येते आणि या भिंतीला ‘एप्रन’ म्हणतात. हे रूप गावातले पाणी किती आणि कसे येते, जवळच्या जमिनीत कोणती माती किंवा दगड सापडतो आणि भांडी कोण घासते, या तीन गोष्टींनी घडवले आहे. म्हणून ते निवडणाऱ्यानेही आधी आपल्या घरातले पाणी, दगड आणि घासणारे हात यांच्याकडे पाहणे योग्य ठरते.

इंग्लंड-आयर्लंडमध्ये हे सिंक ज्या मातीचे बनते तिला ‘फायरक्ले’, म्हणजे अग्निसह माती, असे नाव आहे. ही माती कोळशाच्या थरांखाली आढळते, तिच्यात ॲल्युमिनाचे प्रमाण अधिक असल्यामुळे ती प्रखर उष्णतेतही वितळत नाही, आणि भट्टीचा कोळसा व भांड्याची माती एकाच परिसरात मिळत असल्यामुळे अशा सिंकचे कारखाने लँकेशायर, डर्बिशायर, स्टॅफर्डशायर अशा कोळशाच्या प्रदेशांत वाढले. लँकेशायरमधील डार्वेन येथील शॉ यांचा कारखाना १८९७ सालचा आहे. पातळ केलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओतून, सुकवून, तिच्यावर पांढरा लेप आणि काचेसारखी झिलई चढवून ते भांडे सुमारे १२०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजतात. सुकताना आणि भाजताना माती आकसते आणि दर वेळी सारखीच आकसत नाही, त्यामुळे एकाच साच्यातून निघालेल्या दोन सिंकांच्या मापांतही काही मिलिमीटरांचा फरक पडतो. म्हणून ओट्याचा दगड माहितीपत्रकातील मापावरून आधीच कापून ठेवणे धोक्याचे असते. सिंक प्रत्यक्ष घरी आल्यावर त्याच्याच मापाने तो कापावा लागतो. पाऊण मीटर रुंदीच्या अशा सिंकचे वजन बहुधा चाळीस-पन्नास किलोंच्या घरात जाते, आणि त्यात पन्नास लिटर पाणी साठले तर भार शंभर किलोंवर पोहोचतो. जुन्या इंग्रजी घरांत हे सिंक विटांच्या दोन आखूड खांबांवर ठेवलेले असे, प्लायवुडच्या कपाटावर नव्हे. मराठी घरातला कडप्प्याच्या उभ्या फरश्यांवर किंवा विटांच्या भिंतींवर उभारलेला ओटा हा भार सहज पेलतो, आणि या बाबतीत महागड्या मॉड्युलर कपाटापेक्षा गवंड्याचे साधे बांधकाम अधिक भरवशाचे आहे.

या सिंकचे दोन परंपरागत प्रकार सांगितले जातात. बेलफास्ट प्रकारात काठाच्या थोडे खाली एक सांडवा असतो, म्हणजे पाणी काठोकाठ भरण्याआधीच आतल्या पोकळीतून निचऱ्याकडे वळवणारी फट, तर लंडन प्रकारात असा सांडवा नसतो. बेलफास्टमध्ये पाणी मुबलक होते आणि लंडनमध्ये ते जपून वापरावे लागे, म्हणून हा फरक पडला, असे स्पष्टीकरण व्यापारात रूढ आहे. त्यामागची नेमकी कारणपरंपरा कशीही असो, लंडनच्या पाण्याविषयीचा भाग इतिहासाशी जुळतो: एकोणिसाव्या शतकात त्या शहराला खासगी कंपन्या पाणी पुरवत, बहुतेक वस्त्यांत ते दिवसातून थोडाच वेळ येई, लोक ते टाक्यांत आणि पिंपांत भरून ठेवत, आणि १९०२ च्या कायद्याने मेट्रोपॉलिटन वॉटर बोर्ड स्थापन होईपर्यंत या कंपन्यांचा कारभार चालू राहिला. वेळापत्रकाने येणारे पाणी, ते साठवण्याची धडपड आणि त्यानुसार घडलेली भांडी हे सारे पुण्या-मुंबईच्या, आणि त्याहून अधिक मराठवाड्यातल्या गावांच्या वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही.

श्रीमंत इंग्रजी घरांत पाण्याच्या जागा दोन असत. स्वयंपाकघरामागच्या ‘स्कलरी’ नावाच्या ओल्या खोलीत कढया, पातेली, भाज्या आणि मासे धुतले जात आणि तिथले सिंक दगडाचे किंवा फायरक्लेचे असे. जेवणघराजवळच्या ‘बटलर्स पँट्री’त चांदीची आणि काचेची भांडी धुतली जात आणि तिथले सिंक लाकडाचे, आतून शिशाच्या पत्र्याने मढवलेले असे, कारण नाजूक पेला मऊ पृष्ठभागावर आपटला तर फुटण्याची भीती कमी होती. भांड्यांच्या प्रतिष्ठेनुसार सिंकचा कठीणपणा ठरवण्याइतका बारीक विचार त्या समाजाने केला होता, पण स्कलरीत दिवसभर सोड्याच्या पाण्यात हात बुडवून उभ्या असलेल्या मोलकरणीच्या पाठीचा विचार त्यात नव्हता. हॅना कलविक (१८३३–१९०९) या इंग्रज मोलकरणीने पुढे तिचे पती झालेल्या आर्थर मन्बी यांच्या सांगण्यावरून वर्षानुवर्षे रोजनिशा लिहिल्या आणि त्यांतील निवडक भाग १९८४ साली पुस्तकरूपाने प्रकाशित झाला. चुली घासणे, पायऱ्या धुणे, बूट पुसणे आणि भांड्यांचे ढीग उपसणे यांची त्यात भरलेली नोंद वाचल्यावर जुन्या स्कलरीच्या छायाचित्रांकडे केवळ सुंदर वस्तू म्हणून पाहता येत नाही. आज ज्या सिंकला जिव्हाळ्याचे, घरगुती रूप मानले जाते, ते घरातल्या सर्वांत कष्टाच्या आणि पाहुण्यांच्या नजरेआड ठेवलेल्या जागेतून आलेले आहे, ही गोष्ट निवड करणाऱ्याने विसरू नये.

अमेरिकेतील ग्रामीण घरांची कथा वेगळ्या वाटेने जाते. घरात नळ येण्यापूर्वी तिथे ‘ड्राय सिंक’ वापरात होते, म्हणजे वरच्या बाजूला पन्हाळीसारखा खोलगट भाग असलेले लाकडी कपाट, ज्यात विहिरीवरून आणलेल्या पाण्याचे भांडे आणि धुण्याची पाटी ठेवली जाई. न्यू इंग्लंडमध्ये सोपस्टोन नावाच्या मऊ, छिन्नीने सहज कोरता येणाऱ्या आणि आम्लाचा डाग न धरणाऱ्या दगडाची सिंके घडवली गेली, तर पुढे ओतीव लोखंडावर काचेरी मुलामा, म्हणजे एनॅमल, चढवलेली सिंके आली. विस्कॉन्सिनमधील जॉन मायकेल कोहलर यांनी १८८३ साली जनावरांच्या वापराच्या लोखंडी डोणीवर असा मुलामा चढवून ती स्नानाचा टब म्हणून विकली, ही त्या उद्योगाची सुरुवातीची प्रसिद्ध घटना आहे. या लोखंडी सिंकांना एका किंवा दोन्ही बाजूंना उतरता, खाचा पाडलेला पाट जोडलेला असे, धुतलेली भांडी त्यावर पालथी घालता येत आणि निथळणारे पाणी पुन्हा सिंकमध्येच परते. आजच्या फार्महाउस सिंकमधून हा पाट बहुधा गळून पडला आहे. जुन्या वस्तूतला सर्वांत उपयोगी भाग वगळून तिचा केवळ दर्शनी चेहरा ठेवला गेला, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही, आणि नव्या घरात सिंकच्या डाव्या-उजव्या बाजूचा ओट्याचा दगड किंचित उतरता ठेवून त्यात खाचा कोरून घेतल्या तर तो भाग अल्प खर्चात परत मिळवता येतो.

नळांच्या बाबतीतही रूपाच्या आधी कारण आलेले आहे. पूर्वीचा नळ म्हणजे निमुळता दट्ट्या पाव फेरा फिरवून उघडझाप करण्याची तोटी होती. पाण्याचा दाब कमी असेपर्यंत ती चाले, पण थॉमस हॉक्सली यांनी नॉटिंगहॅममध्ये १८३१ साली सुरू केलेल्या योजनेसारख्या योजनांतून अखंड आणि जोरदार दाबाचे पाणी घरोघर पोहोचू लागले तेव्हा अशा तोट्या गळू लागल्या, आणि त्या एकदम बंद केल्या की पाण्याच्या धक्क्याने नळ्यांनाही इजा होई. रॉदरहॅम येथील गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याचा १८४५ सालचा आट्यांचा नळ हे त्यावरचे उत्तर होते: मूठ अनेक फेरे फिरवली की आट्यांचा दांडा हळूहळू खाली सरकतो आणि त्याच्या टोकाचा वायसर पाण्याचे तोंड दाबून बंद करतो. साबणाने निसरड्या झालेल्या हाताला हे फेरे फिरवता यावेत म्हणून मुठीला चार दांडे आले. गरम आणि थंड पाण्याचे नळ वेगळे असण्यालाही कारण होते, कारण इंग्रजी घरात थंड पाणी थेट रस्त्यावरच्या नळातून येई आणि गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून, ते पिण्यायोग्य मानले जात नसे, आणि दोहोंचे दाबही असमान असत. पुढे दोन्ही नळ एका आडव्या उघड्या नळीने जोडून मधोमध एकच मान दिली गेली, तो ‘ब्रिज’ पद्धतीचा नळ आज ग्रामीण धाटणीची खूण मानला जातो.

मराठी घराच्या दृष्टीने इथे एक महत्त्वाची गोष्ट निघते. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब तिच्या उंचीवर अवलंबून असतो, दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असा त्याचा हिशेब आहे, आणि टाकी नळाच्या जेमतेम तीन-चार मीटर वर असलेल्या सर्वांत वरच्या मजल्यावर तो या एककाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच भरतो. इंग्रजी घरातल्या माळ्यावरच्या टाकीचा दाबही असाच कमी होता, म्हणून जुन्या पद्धतीचा, आत मोकळी वाट असलेला आट्यांचा नळ पंप न लावता आपल्याकडेही पुरेशी धार देतो. मात्र बाजारातले पुष्कळसे जुन्या रूपाचे नळ फक्त बाहेरून जुने असतात. आत सिरॅमिकच्या दोन चकत्या असलेली अरुंद वाटेची नळकांडी असते, चार दांड्यांची मूठ पाव फेरा फिरली की थांबते, आणि कमी दाबाला त्यातून बारीक धार पडते. बोअरच्या जड पाण्यातला क्षार आणि रेतीचे कण या चकत्यांना लवकर खराब करतात आणि त्या बदलण्यासाठी त्याच कंपनीचा सुटा भाग शोधत फिरावे लागते, तर वायसर कोणत्याही गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि प्लंबर तो थोड्या वेळात बदलून देतो. नळ विकत घेण्यापूर्वी मूठ किती फिरते एवढे पाहिले तरी आतल्या रचनेचा बराच अंदाज येतो, आणि जुने रूप हवे असेल तर जुने अंतरंगही मागून घेणे हाच शहाणपणाचा व्यवहार होय.

पितळेविषयी मराठी स्वयंपाकघराला कोणी नव्याने शिकवावे अशी स्थिती नाही. आंबट पदार्थ पितळेत कळकतात, म्हणून भांड्यांना नवसागर लावून कथलाची कल्हई करायची, आणि बाहेरून चिंच, लिंबू किंवा राखेने ती लख्ख ठेवायची, हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या घरात होते. नळाचे पितळ दोन प्रकारे मिळते: एकावर पारदर्शक लॅकरचा थर देऊन चकाकी बंदिस्त केलेली असते, दुसरे उघडे असून हवा-पाण्याने हळूहळू तपकिरी, मग काळसर होते. लॅकरवर चिंच किंवा घासण्याची पूड फिरली की थर जागोजाग निघून नळ ठिपकेदार दिसतो, त्यामुळे ज्या घरात पितळ घासण्याची सवय टिकून आहे तिथे उघडे पितळच अधिक शोभते. परंतु पितळ सहज कातता यावे म्हणून त्यात शिसे मिसळण्याची पद्धत जुनी आहे, आणि पिण्याच्या पाण्यात उतरणारे शिसे, विशेषतः लहान मुलांना, अपायकारक असते. अमेरिकेत २०११ साली झालेल्या आणि जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या कायद्याने पाण्याच्या संपर्कात येणाऱ्या भागांतील शिशाची सरासरी मर्यादा ०.२५ टक्क्यांवर आणली. जुन्या बाजारातून हौसेने आणलेला पितळी नळ भांडी धुण्यासाठी खुशाल वापरावा, पण पिण्याचे पाणी त्यातून भरणे टाळावे. तांब्याचे सिंकही मेक्सिकोतील सांता क्लारा देल कोब्रे येथील ठोकाकामामुळे जगभर पोहोचले आहे, आणि पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीचे मठारकाम, म्हणजे हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी पत्र्याला बळकटी आणि झळाळी देण्याची कला, त्या जातीचीच आहे. तांब्याच्या सिंकमध्ये चिंचेची आमटी किंवा आमसुलाचे सार सांडले की त्या जागी पत्रा उजळून लाल होतो आणि बाकीचा काळसर राहतो. हे रंगांचे खेळ ज्याला आवडतील त्यानेच ते घ्यावे.

पाण्याची मराठी जागा म्हणजे मोरी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीलगत बांधलेली, बोटभर उंच काठाची ती चौकोनी जागा, तिच्या कडेला पाण्याचे पिंप आणि भिंतीतल्या छिद्रातून परसातल्या अळवाकडे किंवा केळीकडे जाणारे सांडपाणी अशी ती व्यवस्था होती, आणि विहिरीजवळ काळ्या दगडाची कोरीव डोण असे. मोरीत बसून भांडी घासणाऱ्या बाईचे गुडघे आणि कंबर यांना ती जागा सोयीची नव्हती, तेव्हा तिच्याविषयी हळहळ करत बसण्याचे कारण नाही. पण धुण्याची जी रीत तिथे रुजली ती उभ्या ओट्यावरही चालू राहिली आहे आणि सिंक निवडताना तिचा विचार व्हायला हवा. इंग्रजी रीतीत सिंक किंवा त्यातली पाटी गरम साबणपाण्याने भरून त्यात भांडी बुडवली जातात, म्हणून त्याला खोली लागते. मराठी घरात खरकट्या भांड्यांचे पाणी एकमेकांना लागणे मनाला पटत नाही. भांडे वेगळे घासून वाहत्या पाण्याखाली विसळले जाते, आणि मोठी अडचण येते ती परात, कुकर आणि लग्नकार्याची पातेली वळवताना. म्हणून इथे सिंकला खोलीपेक्षा रुंदी हवी, अठरा-वीस सेंटिमीटर खोली पुरेशी असते, आणि मध्ये भिंत घालून केलेली दोन छोट्या कप्प्यांची जोडी जवळजवळ निरुपयोगी ठरते.

उंचीचा प्रश्न याहून गंभीर आहे. क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी १९१३ च्या ‘द न्यू हाउसकीपिंग’ या पुस्तकात कामाच्या पृष्ठभागांची उंची काम करणाऱ्या स्त्रीच्या उंचीवरून ठरवावी असा आग्रह धरला होता, आणि शंभर वर्षांनंतरही घराघरांत सारा ओटा एकाच पातळीवर घातला जातो. ८५ सेंटिमीटर उंचीच्या ओट्यात २५ सेंटिमीटर खोल सिंक बसवले की त्याचा तळ जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर येतो, आणि पाच फूट उंचीच्या बाईला सरळ उभे राहून तिथे हात पोहोचवता येत नाही, ती दररोज तासभर वाकूनच राहते. जुने ग्रामीण सिंक ओट्याचा भाग नव्हते, ते आपल्या खांबांवर स्वतंत्र उभे असे, आणि उघड्या दर्शनी भिंतीमुळे आजही ते ओट्यापेक्षा पाच-सात सेंटिमीटर वर बसवता येते; शिवाय पुढची दगडी पट्टी नसल्यामुळे पोट थेट सिंकला टेकते आणि तेवढे वाकणे वाचते. या सिंकचा खरा मोठेपणा इथे आहे. घरमालकांनी दुकानात जाण्यापूर्वी भांडी प्रत्यक्ष घासणाऱ्या व्यक्तीला, ती घरातली आई-आजी असो वा कामाला येणाऱ्या मावशी असोत, उभे करून त्यांच्या मनगटाची उंची मोजून घेतली पाहिजे, कारण तळ त्याच सुमारास यायला हवा, आणि हे मोजमाप आजवर फारच थोड्या घरांत घेतले गेले असेल.

ग्रामीण धाटणीचा अर्थ जवळच्या सामग्रीतून घडलेली वस्तू असा घेतला, तर दख्खनच्या घराला बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, लँकेशायरच्या मातीइतकाच स्वाभाविक आहे. पाथरवटाकडून बाहेरून ७५ बाय ५० बाय २५ सेंटिमीटर मापाची आणि पाच सेंटिमीटर जाड भिंतींची डोण कोरून घेतली तर तिचे वजन सुमारे १२० किलो भरते, जे बांधीव ओट्याला जड नाही. तिच्यावर लोखंडी तवा आपटला तरी झिलईचा टवका उडण्याची भीती नाही आणि स्टीलच्या भांड्यांचे ते करडे ओरखडे, जे पांढऱ्या फायरक्लेवर हमखास उमटतात, तिच्यावर दिसत नाहीत. कडप्पा मात्र चुनखडीचा दगड असल्यामुळे लिंबू-चिंचेने निस्तेज होतो, म्हणून तो सिंकच्या तळाला न वापरता आधाराच्या फरश्यांपुरता ठेवणे बरे.

कॅथरीन बीचर आणि हॅरिएट बीचर स्टो यांनी १८६९ साली लिहिलेल्या ‘द अमेरिकन वुमन्स होम’ या पुस्तकातील स्वयंपाकघराच्या आराखड्यात सिंकवर दोन हातपंप दाखवले आहेत, एक विहिरीच्या पाण्याचा आणि दुसरा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा. महाराष्ट्रातल्या असंख्य स्वयंपाकघरांत आजही सिंकवर दोन नळ असतात, एक नगरपालिकेच्या थेट पाण्याचा आणि दुसरा टाकीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा, आणि नव्या घराचे आराखडे काढणारे हा दुसरा नळ एका देखण्या मिक्सर-नळापायी काढून टाकतात तेव्हा पिण्याचे पाणी भरण्याची सोय मोरीत किंवा अंगणात ढकलली जाते. तो राहू द्यावा आणि भिंतीतून काढावा, कारण भिंतीतल्या नळाच्या बुडाशी पाणी साचत नाही आणि त्याखाली कळशी उभी राहू शकते. थेट पाण्याचा नळ पाणी नसताना उघडा राहिला आणि पहाटे पाणी आले, निचऱ्याच्या जाळीवर एखादे ताट आडवे पडलेले असले, तर सिंक भरून घरभर पाणी होते. मुबलक पाण्याच्या गावाचा म्हणून सांगितला जाणारा बेलफास्टचा सांडवा नेमका अशा ठरावीक वेळी पाणी येणाऱ्या घरात उपयोगी पडतो. त्याच्या आतल्या पोकळीत भाताची शिते आणि तेलकट ओल साचून झुरळे होतात हा दोषही खरा आहे, तेव्हा सांडव्याचे तोंड लांब दांड्याचा ब्रश आत जाईल एवढे रुंद असेल तरच तो प्रकार घ्यावा, नाहीतर सांडव्याविना सिंक घेऊन मोरीप्रमाणे सिंकखालच्या जमिनीलाही बोटभर काठ आणि निचऱ्याची वेगळी वाट गवंड्याकडून आधीच करून घ्यावी.